चौथा खिळा

दोरी कापली, दांडी दाबली, आणि रूळ फिरतच राहिला. पुन्हा दाबली. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबली. रूळ फिरत राहिला.

हे काल, शनिवारी, पाळी सुटल्यावर, मोठ्या खोलीत कुणी नसताना. आज रविवार. उद्या सकाळी दहा वाजता मला त्याच रुळासमोर उभे राहायचे आहे. म्हणून मी, वय वर्षे छप्पन्न, रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या धुलाईखान्याची पर्यवेक्षक, विधवा, एका मुलीची आई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणत्याही माणसाच्या धाकाने लिहीत नाही. धाक आहे, पण तो माणसाचा नाही. अक्षर वाकडे वाटले तर वयाला दोष देऊ नये. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

ज्यांनी रूळ पाहिलेला नाही त्यांना पुढचे कळावे म्हणून सांगते. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून सरकवायची. वाफेने तापलेला लोखंडी रूळ ती ओढून घेतो आणि पलीकडून कोरडी, इस्त्री केलेली चादर बाहेर येते. चादर आत जाते तिथे, बोटांच्या अलीकडे, एक आडवी दांडी आहे. हात पुढे गेला की दांडी दबते आणि रूळ जागच्या जागी थांबतो. थांबायला हवा.

कलम एक. घर. दोन खोल्या आणि गॅलरी मुलीला. गॅलरीचा कठडा हलतो, तिने त्याला टेकू नये. जावयांनी कठडा दुरुस्त करीन असे तीन वेळा सांगितले आहे. त्यांना चौथ्यांदा सांगावे लागू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम दोन. बँकेत जे काही आहे तेही मुलीला. पासबुक उशीच्या अभ्र्यात आहे. ही जागा कुणी चोर शोधणार नाही असे मला वाटते, आणि मुलीलाही सापडणार नाही म्हणून लिहिते.

कलम तीन. शिडी. यजमान गेल्यावर तेराव्या दिवशी धाकट्या दिरांनी आमची लाकडी शिडी 'दोन दिवसांसाठी' नेली. त्याला अकरा वर्षे झाली. मी दर भेटीत शिडीबद्दल विचारले आणि त्यांनी दर भेटीत "वहिनी, उद्याच पाठवतो" असे सांगितले. शिडी मी त्यांना देत आहे. मात्र ही देणगी आहे हे त्यांना चारचौघांत वाचून दाखवावे. जाऊबाईंच्या समोर.

कलम चार. घड्याळे. माझ्या घरात भिंतीवरची सहा घड्याळे आहेत, सहाही बक्षिसाची. धुलाईखान्यात चांगल्या कामाची दखल घेतात ती घड्याळ देऊन. पहिले मिळाले तेव्हा मी ते पेटीत घालून उराशी धरून घरी आणले आणि यजमानांनी स्वतः खिळा ठोकला. दुसरे स्वयंपाकघरात लावले. तिसऱ्यापासून भिंत उरली नाही. चारचौघांत नाव पुकारतात, टाळ्या होतात, साहेब हात मिळवतात, फोटो निघतो. मला ते आवडायचे, हे लपवत नाही. तेवीस वर्षे मी चादरी सरकवल्या. कुणी माझे नाव मोठ्याने घेतले ते फक्त त्या दिवशी.

पाच घड्याळे मुलीने हवी त्याला वाटावीत. तिसरे कुणाला देऊ नये. ते फोडून टाकावे. कारण कलम सहामध्ये आहे. तिथे जायला मी वेळ लावते आहे हे मला कळते आहे.

खाली शिंपीदादांचे मशीन चालू आहे. थांबले की मी जिन्याकडे बघते. कोण येणार आहे म्हणून बघते, ते मला माहीत नाही.

कलम पाच. फलक. दारातून आत आले की समोर हिरवा फलक आहे. त्यावर लिहिले आहे, 'अपघाताविना दिवस', आणि खाली तीन खिळे. खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवायचे. ते आकडे मी रंगवले आहेत. रोज सकाळी सात वाजता, कुणी कामाला लागण्याआधी, आकडा मीच बदलते. अपघात झाला तर शून्यापासून सुरुवात. शंभर दिवसांना प्रत्येकीला छत्री मिळाली, पाचशेला गरम पाण्याची बाटली. हजारला प्रत्येकीला एक धुलाईयंत्र.

यावर आमच्यात पुष्कळ हसून झाले. एकजण म्हणाली, "दिवसभर इथं धुवायचं आणि घरी जाऊन बक्षीस धुवायचं." पण प्रत्येकीने घरी जागा मोजून ठेवली आहे. एकीने मोरीचा कट्टा तोडून घेतला. एकीने सासूची खाट हलवली, त्यावरून घरात महिनाभर अबोला आहे. एकतीस जणी आहोत. एकीचा अपघात झाला तर एकतिसांचे बक्षीस जाते, असा नियम आहे. साहेब म्हणतात, याने एकमेकींची काळजी घेतली जाते. खरे काय होते ते मी तिथे उभी राहून पाहिले आहे. कुणाला चटका बसला की ती आधी फलकाकडे बघते, मग हाताकडे.

काल फलकावर ९९९ होते. रविवार धरत नाहीत. उद्या हजार. तीन खिळ्यांवर हजार बसत नाही, म्हणून काल फिटर शिडी घेऊन आला आणि त्याने चौथा खिळा ठोकला.

पत्र्याचे आकडे माझ्या कपाटात निळ्या डब्यात आहेत. ते माझ्या जागी येईल तिला मिळावेत. तिने ते आधी पाहावेत आणि मग घ्यावेत की नाही ते ठरवावे.

कलम सहा. कबुली. दांडी मी बांधली.

ओली चादर दुमडून आली की दांडी विनाकारण दबायची आणि रूळ थांबायचा. पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटे. तोवर आतली चादर पिवळी पडायची. त्या वर्षी 'सर्वाधिक चादरी' असे नवे बक्षीस निघाले होते. मी फाटक्या चादरीचा काठ काढला, त्याची दोरी वळली आणि दांडी वर बांधून टाकली. रूळ थांबेना. चादरी वाढल्या. साहेबांनी दोरी पाहिली, काही बोलले नाहीत, आणि महिनाअखेर माझे नाव पुकारले. तिसरे घड्याळ ते.

चौदा महिन्यांपूर्वी, फलकावर ६४१ असताना, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डावखुरीचा हात चादरीबरोबर आत गेला. डावखुरी म्हणजे मी पर्यवेक्षक होईपर्यंत माझ्याबरोबर सोळा वर्षे चादरीचे दुसरे टोक धरणारी. ती डाव्या हाताची, मी उजव्या, त्यामुळे आमची जोडी रुळावर बरोबर बसायची. रूळ बंद करायचे बटण पलीकडच्या भिंतीवर आहे. मी धावले. अकरा पावले आहेत. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, बाई, बाई." तीन बोटे.

अभ्र्यात हात गुंडाळून मागच्या दाराने साहेबांच्या गाडीतून तिला नेले. मग सगळ्याजणी माझ्याभोवती जमल्या. कुणी रडत होती. कुणी तरी म्हणाली, "झाकली मूठ." पुढचे कुणी बोलले नाही. साहेबांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिले: 'घरी इस्त्री करताना हात भाजला.' संध्याकाळी मी तो कागद तिच्या खाटेपाशी नेला. ती म्हणाली, "माझ्यापायी सगळ्यांचं कशाला जायचं?" आणि उजव्या हाताने अंगठा उठवला. सही येत होती तिला. पण ती डाव्या हाताची.

घरी झालेल्या दुखापतीला धुलाईखाना काही देणे लागत नाही. दोन महिन्यांनी तिचे नाव हजेरीतून गेले. मी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता ६४२ अडकवले होते.

त्यानंतर मी तिच्या घरी गेले नाही. तिचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

कलम सात. उद्याचे. हजाराव्या दिवशी पाहुणे येणार आहेत. साहेबांनी ठरवले आहे की बक्षीस वाटण्याआधी बाईंनी स्वतः एक नवी पांढरी चादर चालत्या रुळावर सरकवायची, तिच्या कोपऱ्यात धाग्याने माझे नाव काढले आहे, आणि तेव्हा फोटो निघेल. हा माझा सन्मान आहे. पर्यवेक्षक झाल्यापासून मी रुळाला हात लावलेला नाही. डावखुरीनंतर मी त्याच्या जवळूनही जात नाही, लांबून सांगते. म्हणून काल मी दोरी कापली. मला वाटले, निदान दांडी तरी जागेवर येईल. इतकी वर्षे बांधून ठेवलेली दांडी आता काहीच थांबवत नाही.

मी फिटरला सांगितले. तो चौथा खिळा ठोकत होता. वरूनच म्हणाला, "आतला स्विच गेला असणार. पार्ट मागवायला लागेल. कार्यक्रम होऊ दे बाई, मग उघडतो."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एक चादर, बाई. तेवीस वर्षं तुम्ही हेच केलंत."

"माझा हात थरथरतो, साहेब."

"भीती वाटत असेल तर सांगा. तुमच्या जागी दुसरीला उभी करतो."

मी म्हणाले, "नको. मीच उभी राहते."

काल संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, फोटोत हसशील ना? गेल्या वेळी अगदी पोलिसांनी पकडल्यासारखा आलाय." मी हसेन म्हणाले. फोन ठेवल्यावर मी हात दिव्याखाली धरून पाहिले. दोन्ही बाजूंनी पाहिले.

माझे काही बरेवाईट झाल्यास धुलाईयंत्र मुलीला मिळेल. पण माझे बरेवाईट झाले तर हजार होणार नाही, म्हणजे यंत्र कुणालाच मिळणार नाही. किंवा मी घरी इस्त्री करत होते असे लिहितील. कुणाचे अक्षर चांगले आहे याचा मी विचार करत होते.

कलम आठ. चिठ्ठी. पासबुक आहे त्याच अभ्र्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक चिठ्ठी आहे. नऊ वर्षांपूर्वी रुग्णालयातून आलेल्या उशीच्या अभ्र्यात ती डावखुरीला सापडली. पेन्सिलीने लिहिले आहे: 'चादरी मऊ असतात. आई नीट झोपली. ज्या कुणी धुतल्या त्यांचे आभार.' नाव नाही. डावखुरी म्हणाली, "घ्या बाई, तुमचं." मी म्हणाले, "तुझ्या टोकाची असेल." ती म्हणाली, "दोन टोकांची चादर एकच असते हो." मी ठेवून घेतली. सहा घड्याळांच्या आधी मला हे मिळाले असते तर काय झाले असते, ते सांगता येत नाही.

<s>ही चिठ्ठी माझ्या मृत्यूनंतर डावखुरीला द्यावी.</s>

वरची ओळ मीच खोडली आहे. त्याचे कारण असे. दुपारी चार वाजता शिंपीदादांना साक्षीदार म्हणून वर बोलावले. त्यांनी चष्मा लावून इथपर्यंत सगळे वाचले. सहाव्या कलमापाशी ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "वहिनी, साक्षीदार दोन लागतात. दुसरा कोण?"

मी म्हणाले, "डावखुरीला आणता?"

"तिला तर तुम्ही काहीतरी देताय. जिला द्यायचं तिनं साक्षीला सही करून चालत नाही."

"चिठ्ठीच तर आहे ती."

"चिठ्ठी का असेना." त्यांनी चष्मा काढला. "आणि एक विचारू? हे सगळं कधी वाचायचं? तुम्ही गेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे. तेव्हाच वाचतात."

"म्हणजे खरं बाहेर यायला आधी तुम्ही त्या रुळात जायला हवं."

ते एवढे बोलून डावखुरीला आणायला गेले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कठड्याला न टेकता. तिची पावले जिन्यावर ऐकू आली तेव्हा मी दार लावून घ्यायचा विचार केला, हेही लिहून ठेवते.

ती आली. डावा हात पदराखाली. मी तिला पाणी दिले, तिने उजव्या हाताने घेतले. मग भिंतीवर नजर टाकून म्हणाली, "किती वाजले ते तरी नक्की सांगतात का यातलं एखादं?"

मी म्हणाले, "नाही."

"मग झालं."

शिंपीदादांनी तिला सहावे कलम वाचून दाखवले. ती ऐकत होती. माझ्याकडे बघत नव्हती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "उद्या दुसरं टोक कोण धरणार आहे?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. चादरीला दोन टोके असतात. मी माझ्या हाताला भीत होते. मी म्हणाले, "माझ्यानंतर तुझ्या जोडीला आली ती. मोरीचा कट्टा तोडलेली."

"तिला सांगितलंय?"

"नाही."

"मला पण सांगितलं नव्हतं," डावखुरी म्हणाली. "दोरी नवी आहे का जुनी, मी कधी बघितलंच नाही. तुम्ही बांधलीय म्हणजे बरोबर असेल, म्हटलं."

मी अभ्र्यातून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने ती उजव्या हाताने घेतली, पदराखालून डावा हात काढला, आणि उरलेल्या दोन बोटांनी कागद सरळ केला. तो हात मी चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाहिला. म्हणाली, "पेन्सिल पुसट झाली की." मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. म्हणून आठवे कलम आता रद्द आहे. वस्तू दिली गेली आहे.

कलम नऊ. हे कलम मूळ विचारात नव्हते. माझ्या मरणानंतर उघडायचे ते कलम सहा मी या मृत्युपत्रात ठेवते, पण त्याची नक्कल शिंपीदादांनी करून दिली आहे. ती मी उद्या सकाळी सात वाजता बरोबर नेणार आहे. धीर होईल का ते माहीत नाही. एकतीस जणींची तोंडे डोळ्यांसमोर येतात. रुळाइतकीच त्यांची भीती वाटते, खरे तर जास्त, कारण रूळ मला ओळखत नाही. धीर झाला नाही, आणि मी ती नक्कल पदरात ठेवूनच रुळासमोर उभी राहिले, आणि काही झाले, तर माझ्याविषयी कुणी चांगले बोलू नये. नाव पुकारू नये. घड्याळ देऊ नये.

डावखुरीला विचारले, सोबत येशील का. ती म्हणाली, "हजेरीत नाव नाही माझं. दारात अडवतील." मग म्हणाली, "किती वाजता निघता?"

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिंपीदादांनी करावी. त्यांच्याकडे माझी एक कात्री आहे, ती मी आजच त्यांना देऊन टाकली आहे, मृत्युपत्राबाहेर.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला समजले, आणि दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: सही. धुलाईखान्यात सगळ्या मला नुसते बाई म्हणतात.

साक्षीदार पहिला: सही. खालच्या मजल्यावरचा शिंपी.

साक्षीदार दुसरी: सही. उजव्या हाताने केली आहे. अक्षर लहान मुलासारखे आले तरी सही तिचीच आहे, असे पहिला साक्षीदार लिहून देतो.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला, गॅलरीकडची खोली.
दिनांक: रविवार, ९९९ आणि १००० यांच्यामधला.

पहिल्या साक्षीदाराची नोंद, सोमवार संध्याकाळ. मी तिथे नव्हतो. दुसऱ्या साक्षीदार तिथे होत्या, त्यांनी सांगितले तसे लिहितो. दोघी पावणेसातला पोहोचल्या. पहारेकऱ्याने अडवले नाही. बाईंनी फलकावरचे आकडे काढले, नवे अडकवले, आणि कामावर आलेल्यांना नक्कल वाचून दाखवली. वाचताना दोनदा थांबल्या. एकजण ओरडून बोलली, काही रडल्या, दोघी घरी निघून गेल्या. दहा वाजता पाहुणे आले. साहेबांनी बाईंना बाजूला व्हायला सांगितले आणि चादर धरायला दुसऱ्या दोघींना बोलावले. कुणी पुढे आले नाही. तिसऱ्यांदा बोलावले. मोरीचा कट्टा तोडलेली भिंतीपाशी गेली आणि तिने बटण बंद केले. दुपारी धुलाईयंत्रे गाडीत परत चढवली. बाईंना घरी पाठवले आहे. उद्या यायचे की नाही ते सांगितलेले नाही. हात दोन्ही शाबूत आहेत. फलकावर ३५९ आहे, दुसऱ्या साक्षीदाराच्या अपघातापासून मोजलेले. चौथा खिळा रिकामा आहे.